विश्लेषण : रोजची परेड बदलणार म्हटले की थीम पार्कचे चाहते एवढे अस्वस्थ का होतात?

डिजिटल डेस्क, वर्धा

थीम पार्कमध्ये राइड बदलली तर लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. पण रोज संध्याकाळी निघणारी परेड बदलणार अशी कुणकुण लागली, की चाहत्यांमध्ये महिनोन्‌महिने वाद चालतो. कोणता चित्ररथ राहणार, कोणता जाणार, जुनी धून ठेवणार का, वेळ बदलणार का, यावर हजारो लोक हिरिरीने बोलतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरकट वाटू शकते. २० मिनिटांच्या मिरवणुकीसाठी मोठी माणसे का भांडतात, असा प्रश्न पडतो.

या भांडणाला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, कलाकारांची रोजीरोटी आहे आणि लोकांच्या आठवणीही आहेत. शिवाय मिरवणुकीत काय बदलायचे आणि काय नाही, हा प्रश्न विदर्भातल्या माणसाला मुळीच परका नाही. समजून घेऊया.

थोडक्यात

• अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये १९७२ साली सुरू झालेली दिव्यांची परेड अनेकदा बंद झाली आणि अनेकदा परतली.

• १९९७ साली तिच्या जागी आणलेला नवा सोहळा एका उन्हाळ्यातच गुंडाळावा लागला.

• टोकियोत मात्र २००१ पासून तीच परेड सुरू आहे. बदल तिथेही झाले, पण टप्प्याटप्प्याने.

• परेड बदलण्यामागे बहुतेक वेळा जुने यंत्र, गर्दी, हवामान, मनुष्यबळ आणि नवे चित्रपट ही कारणे असतात.

सध्या चर्चा कशाची आहे?

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले. २०२५ मध्ये त्याला ७० वर्षे झाली. या निमित्ताने १६ मे २०२५ पासून तिथे 'पेंट द नाइट' ही रात्रीची परेड परत आणण्यात आली. हा वर्धापनदिनाचा सोहळा २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत चालेल, असे कंपनीने जाहीर केले होते. सोहळ्याला शेवटची तारीख आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न ओघाने आलाच : त्यानंतर काय? हीच परेड राहणार, पन्नास वर्षे जुनी परेड पुन्हा निघणार की अगदी नवी येणार?

दुसरीकडे फ्लोरिडातल्या 'मॅजिक किंगडम' या डिस्नेच्याच पार्कमध्ये २० जुलै २०२५ रोजी 'स्टारलाइट' नावाची नवी रात्रीची परेड सुरू झाली. तिथली आधीची रात्रीची परेड ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाली होती. म्हणजे जवळपास नऊ वर्षे जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या पार्कपैकी एकात रात्रीची परेडच नव्हती. चाहते ती परत मागत राहिले आणि अखेर नवी आली. आपण बोलत राहिलो तर काहीतरी होते, असे चाहत्यांना वाटण्याला अशा उदाहरणांनी बळ मिळते.

परेड म्हणजे नेमके काय असते?

आपल्याकडे गणेशोत्सवात किंवा रामनवमीच्या शोभायात्रेत झाकी निघते. एका वाहनावर देखावा उभारलेला असतो, त्यावर वेशभूषा केलेली मुले बसतात, पुढे-मागे ढोल किंवा बँड असतो. थीम पार्कची परेड दिसायला अशीच असते. फरक असा, की ती वर्षातून एकदा निघत नाही. वर्षातले बहुतेक दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने निघते. गर्दीच्या काळात तर दिवसातून दोनदाही.

रोज निघण्याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम पार्क चालवणाऱ्यांसाठी. हजारो लोक एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, तेवढा वेळ राइडच्या रांगा हलक्या होतात. परेड संपल्यावर गर्दी कोणत्या दिशेने पांगेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे परेड हे मनोरंजनासोबत गर्दी नियोजनाचे साधनही आहे.

दुसरा परिणाम पाहणाऱ्यांसाठी. राइडवर एका वेळी वीस-पंचवीस जण बसतात आणि रांगेत तासभर जातो. परेड मात्र सगळ्यांना एकदम दिसते. आजीला दिसते, कडेवरच्या बाळाला दिसते, राइडची भीती वाटणाऱ्यालाही दिसते. उंचीची अट नाही, वेगळे तिकीट नाही. कुटुंबातल्या तीन पिढ्या एकाच वेळी एकच गोष्ट पाहतात, असा दिवसातला हा बहुधा एकमेव क्षण असतो. म्हणून सहल आठवताना राइडची नावे विसरली, तरी परेडची धून लक्षात राहते.

१९७२ ची परेड एवढी गाजली कशी?

१७ जून १९७२ रोजी डिस्नेलँडमध्ये 'मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड' पहिल्यांदा निघाली. रस्त्यावरचे दिवे मालवले जायचे आणि अंधारात लाखो छोट्या दिव्यांनी मढवलेले चित्ररथ सरकत यायचे. तिची धून होती 'बरोक होडाऊन'. जाँ-जाक पेरी आणि गर्शन किंग्जली या संगीतकारांनी ती १९६७ साली सिंथेसायझरवर तयार केली होती. परेडसाठी ती बनलीच नव्हती, पण आज जगभर ती परेडची धून म्हणूनच ओळखली जाते.

यातला तांत्रिक भाग रंजक आहे. कल्पना करा, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. समोरून पहिला चित्ररथ जातो, त्याचे स्वतःचे संगीत असते. तीस मीटर मागे दुसरा येतो, त्याचे संगीत वेगळे. दोन्ही एकमेकांत मिसळले तर नुसता गोंगाट होईल. आपल्याकडे दोन डीजे शेजारी आले की काय होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

यावर उपाय असा काढला गेला, की सगळ्या चित्ररथांच्या संगीताची लय एकच ठेवायची आणि सूर एकमेकांशी जुळतील असे बांधायचे. रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकांतून मूळ धून सतत वाजते आणि प्रत्येक चित्ररथ तिच्यावर स्वतःची चाल चढवतो. पुढे रस्त्याचे छोटे छोटे पट्टे पाडून संगणकाच्या मदतीने नियंत्रण आले. चित्ररथ ज्या पट्ट्यात असेल, त्या पट्ट्यातल्या ध्वनिक्षेपकांतून त्याचेच संगीत मोठे होते आणि तो पुढे सरकला की मंदावते. पाहणाऱ्याला वाटते, संगीत चित्ररथासोबत चालते आहे.

आता यात एक चित्ररथ बदलायचा झाला तर किती गोष्टी बदलाव्या लागतात ते पाहा. नवे संगीत त्याच लयीत हवे. वजन आणि वळणाची त्रिज्या त्याच रस्त्याला चालायला हवी. बॅटरी पूर्ण मार्ग संपेपर्यंत पुरायला हवी. आणि वेग इतरांएवढाच हवा. समजा परेडचा वेग सेकंदाला एक मीटर आहे आणि दोन चित्ररथांत तीस मीटर अंतर आहे. प्रेक्षकाला दर तीस सेकंदांनी नवे काहीतरी दिसते. एखादा चित्ररथ तीन मिनिटे अडकला, तर त्याच्या पुढे १८० मीटरची रिकामी जागा तयार होते आणि त्याच्या मागे सगळे खोळंबते. 'फक्त एक चित्ररथ बदला' असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते चालत्या गाडीचे चाक बदलण्याइतके कटकटीचे असते.

मग ती बंद का झाली?

एकदा नाही, अनेकदा झाली. १९७५-७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त दुसरी परेड आणली गेली आणि दिव्यांची परेड बाजूला ठेवली. १९७७ मध्ये ती परतली. त्यानंतर जवळपास वीस वर्षे ती डिस्नेलँडची ओळख बनून राहिली.

१९९६ मध्ये कंपनीने ठरवले, की आता पुरे. परेड कायमची बंद होणार, अशी जोरदार जाहिरात झाली. निरोप घ्यायला एवढी गर्दी लोटली, की ऑक्टोबरमधला शेवटचा प्रयोग पुढे ढकलून नोव्हेंबरपर्यंत मुदत वाढवावी लागली. परेडमधले दिवे आठवण म्हणून विकले गेले. लोकांनी ते घरी नेऊन जपून ठेवले.

आणि मग २०२२ पर्यंत हीच परेड पुन्हा पुन्हा परत आली. १९९९ मध्ये फ्लोरिडात, २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शेजारच्या पार्कात, २०१० मध्ये पुन्हा फ्लोरिडात, २०१७ आणि २०१९ मध्ये मूळ डिस्नेलँडमध्ये, आणि २०२२ मध्ये पन्नाशीनिमित्त आणखी एकदा. 'कायमची बंद' या शब्दांवर चाहते आता विश्वास ठेवत नाहीत, त्याचे कारण हे आहे.

१९९७ मध्ये काय बिघडले?

या विषयावर बोलताना चाहते ज्या एका नावाचा हमखास दाखला देतात, ते म्हणजे 'लाइट मॅजिक'. दिव्यांची परेड बंद केल्यावर मे १९९७ मध्ये तिच्या जागी हा सोहळा आला. त्या काळी त्यावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जात होते.

यात चित्ररथ रस्त्याने येऊन मध्येच थांबायचे आणि तिथे नृत्याचा कार्यक्रम व्हायचा. म्हणजे ती धड परेड नव्हती आणि धड रंगमंचावरचा कार्यक्रमही नव्हता. मुखवटे घातलेल्या पऱ्या अनेकांना गोड वाटण्याऐवजी विचित्र वाटल्या. वार्षिक पासधारकांसाठी सुरुवातीला खास प्रयोग ठेवला होता. तोच तांत्रिक अडचणींनी फसला आणि सर्वात निष्ठावान प्रेक्षक पहिल्याच दिवशी नाराज झाले. सप्टेंबर १९९७ मध्ये, म्हणजे एकच उन्हाळा काढून, हा सोहळा थांबला.

नवे होते म्हणून ते आपटले, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. नव्या परेड आल्या आणि लोकांना आवडल्याही. २०१४ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेली दिवसाची 'फेस्टिव्हल ऑफ फँटसी' परेड याचे ठळक उदाहरण आहे. आग ओकणारा भलामोठा ड्रॅगन हे तिचे आकर्षण. मे २०१८ मध्ये तर भर परेडमध्ये या ड्रॅगननेच पेट घेतला होता. तरीही लोकांनी त्याला नाकारले नाही, उलट तो अधिकच प्रसिद्ध झाला.

लाइट मॅजिकची अडचण वेगळी होती. चाहत्यांना ओळखीची असलेली प्रत्येक गोष्ट एकाच फटक्यात काढली गेली. धून गेली, सतत सरकत राहणारी रांग गेली, आवडते चित्ररथ गेले. प्रेक्षकाला धरायला काहीच उरले नाही.

'पेंट द नाइट'ने काय वेगळे केले?

'पेंट द नाइट' पहिल्यांदा २०१४ मध्ये हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये आली आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात. दहा लाखांहून अधिक एलईडी दिवे, 'फ्रोझन', 'कार्स', 'मॉन्स्टर्स इंक' अशा नव्या चित्रपटांतली पात्रे, आणि नवे गाणे. सगळे आजच्या काळाचे. पण नीट ऐकले तर त्या संगीतात १९७२ ची 'बरोक होडाऊन' मधूनमधून डोकावते.

जुन्या प्रेक्षकाला ती खूण पुरते. त्याला कळते, ही वेगळी असली तरी त्याच घरातली आहे. लहान मुलाला खूण कळली नाही तरी काही बिघडत नाही, त्याला त्याचे आवडते पात्र दिसलेले असते.

२०२२ मध्ये जुनी परेड पन्नाशीनिमित्त परतली, तेव्हाही हीच पद्धत वापरली गेली. जुने चित्ररथ जसेच्या तसे ठेवले आणि शेवटी एक नवा भाग जोडला. त्यात 'कोको', 'मोआना', 'एन्कांतो' अशा चित्रपटांतली पात्रे होती. या शेवटच्या भागावर चाहत्यांत दुमत झाले, पण परेड नाकारली गेली नाही.

टोकियोमध्ये वाद कमी का होतो?

टोकियो डिस्नेलँड १९८३ साली सुरू झाले. ते डिस्ने स्वतः चालवत नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन चालवते. तिथे १ जून २००१ पासून 'ड्रीमलाइट्स' नावाने दिव्यांची परेड निघते आणि धून तीच जुनी आहे. वीसहून अधिक वर्षांत तिच्यातले काही चित्ररथ काढले गेले, 'फ्रोझन'सारखे नवे जोडले गेले, दिवे बदलले. पण परेड बंद करून पाटी कोरी केली गेली नाही.

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. पाऊस पडला की विजेच्या दिव्यांनी मढवलेले मोठे चित्ररथ बाहेर काढता येत नाहीत. अशा रात्री प्रेक्षकांनी रिकाम्या हाताने परतू नये म्हणून टोकियोत २०१३ पासून 'नाइटफॉल ग्लो' नावाची छोटी परेड खास पावसासाठी ठेवली आहे. ती लहान असते, पण असते. काही चाहते तर मुद्दाम पावसाळी रात्र गाठतात, कारण ती क्वचित पाहायला मिळते.

कंपन्या परेड बदलतात तरी कशासाठी?

चाहत्यांच्या चर्चेत 'पैसे वाचवायला' हे एकच कारण वारंवार येते. ते चूक नाही, पण पूर्णही नाही.

पहिले कारण झीज. चित्ररथ रोज चालतो, ऊन-पाऊस खातो. जुन्या दिव्यांचे आणि मोटारींचे सुटे भाग मिळेनासे होतात. एका टप्प्यानंतर दुरुस्तीपेक्षा नवीन बनवणे स्वस्त पडते.

दुसरे कारण नवे चित्रपट. दहा वर्षांच्या मुलीला 'एल्सा' पाहायची असते. तिच्या आईवडिलांच्या लहानपणीची पात्रे तिला ओळखीचीही नसतात. आणि जे पात्र परेडमध्ये दिसते, त्याचे खेळणे बाहेरच्या दुकानात विकले जाते, हे गणित कंपनी विसरत नाही.

तिसरे कारण गर्दी आणि सुरक्षा. परेडच्या मार्गावर लोक तास-दीड तास आधी बसून जागा धरतात. रस्ता अडतो. पार्कमध्ये नवे बांधकाम सुरू झाले की मार्गही बदलावा लागतो.

चौथे कारण हवामान. जाड वेश घालून नाचणारा कलाकार उन्हात किती वेळ टिकेल, याला मर्यादा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला पाहणाऱ्या वर्धेकरांना हे वेगळे सांगायला नको.

पाचवे आणि सर्वात कमी बोलले जाणारे कारण माणसे. परेड म्हणजे नर्तक, पात्रांचा वेश करणारे, चालक, वेशभूषाकार, तंत्रज्ञ. करोनात हे ठळकपणे दिसले. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले. फ्लोरिडातले पार्क जुलै २०२० मध्ये उघडले, पण परेड नव्हती. एका वेळी एखाद-दुसरा चित्ररथ अचानक, वेळ न सांगता काढला जायचा, म्हणजे लोक एका जागी जमणार नाहीत. पूर्ण परेड तिथे परतली ती मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात कलाकारांच्या हाताला काम नव्हते.

मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या परेड आणि पात्रविभागातल्या सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांसाठी मतदान झाले आणि त्यांनी मोठ्या बहुमताने कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे आता परेड वाढली, घटली किंवा वेळ बदलली, की पाळी, सराव आणि सुरक्षेचे प्रश्न कंपनीला संघटनेसमोर ठेवावे लागतील. परेड किती लांब असावी यावर चाहते बोलतात, तेव्हा तेवढा वेळ त्या मुखवट्याच्या आत कोणीतरी माणूस घामाघूम उभा असतो, हे लक्षात ठेवायला हवे.

विदर्भाचा याच्याशी काय संबंध?

बदलत्या मिरवणुकीचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, नागपुरात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे मारबतींची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून ही प्रथा सुरू आहे. काळी मारबत आणि पिवळी मारबत या दोघी ठरलेल्या. त्यांचे रूप, त्यांचा मान, त्यांची भेट, शेवटचे दहन, यात फारसा बदल कोणी करत नाही आणि केला तर खपवूनही घेतला जाणार नाही.

पण त्यांच्यासोबत निघणारे बडगे दरवर्षी नवे असतात. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा ताजा घोटाळा. त्या वर्षी लोकांना जे सलत असेल, त्याचा बडग्या होतो. यंदा कोणाचा बडग्या निघणार, याची उत्सुकता असते. जुने बडगे परत आणा, अशी मागणी होत नाही, कारण ते बदलण्यासाठीच आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते.

त्याच दिवशी विदर्भात गावोगावी तान्हा पोळा भरतो. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळ्याची ख्याती तर दूरवर आहे. मुलांच्या हातातला लाकडी बैल हा त्याचा गाभा. सजावट, वेशभूषा, देखावे काळाप्रमाणे बदलत गेले. एखाद्या वर्षी मुलगा मावळा होतो, एखाद्या वर्षी अंतराळवीर. बैल मात्र तोच. उद्या कोणी म्हणाले, बैलाऐवजी रिमोटची गाडी चालेल, तर सिंदीत काय प्रतिक्रिया उमटेल याची कल्पना करा. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात उमटलेली प्रतिक्रिया मग फारशी अनोळखी वाटणार नाही.

अर्थात एक मोठा फरक आहे. मारबत आणि तान्हा पोळा लोकांचा आहे. त्यात बदल करायचा झाला तर मंडळे, मोहल्ले, घरेच ठरवतात. थीम पार्कची परेड एका कंपनीच्या मालकीची आहे. चाहत्यांच्या आठवणी त्यात गुंतलेल्या असल्या, तरी निर्णयाचा कागद त्यांच्याकडे नसतो. चाहत्यांच्या आवाजात जी कळकळ ऐकू येते, ती या विसंगतीतून येते.

महाराष्ट्रात अशी परेड कुठे पाहायला मिळते?

मुंबईत गोराईला १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड हे महाराष्ट्रातल्या एका पिढीसाठी थीम पार्कचे दुसरे नाव होते. ते आता बंद आहे. सध्या राज्यातले मोठे नाव म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचे इमॅजिका. चित्रपट निर्माते मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने ते २०१३ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये त्याचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. तिथे दिवसाच्या शेवटी निघणारी पात्रांची परेड हा अनेक कुटुंबांसाठी सहलीचा शेवटचा कार्यक्रम असतो.

इमॅजिकात भारतीय विषयांवरच्या राइडही आहेत. 'मिस्टर इंडिया' चित्रपटावरची राइड आहे, अलीबाबा आहे. राजासॉरस नावाची राइड ज्या डायनासोरवर बेतली आहे, त्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडले होते. म्हणजे परेडसाठी लागणारी आपली पात्रे, आपल्या कथा यांची वानवा नाही. आपल्याकडच्या पार्कांना अजून पन्नास वर्षांच्या आठवणी नाहीत. त्या आत्ता तयार होत आहेत. आज परेड पाहणारे मूल वीस वर्षांनी स्वतःच्या मुलाला घेऊन येईल, तेव्हा त्याला ओळखीचे काय दिसेल, हा प्रश्न पार्क चालवणाऱ्यांनी आजच विचारलेला बरा.

वर्ध्याहून सहलीला निघताना काय पाहावे?

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून रस्त्याने जाणेही सोपे झाले आहे. तरीही प्रवास, मुक्काम आणि चौघांची तिकिटे धरली तर बहुतेक घरांसाठी ही काही वर्षांतून एकदा होणारी सहल आहे. जवळ राहणारा पासधारक आज परेड हुकली तर पुढच्या आठवड्यात जातो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून काही गोष्टी आधीच पाहून ठेवलेल्या बऱ्या.

• तारीख पक्की करण्यापूर्वी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवशीचे कार्यक्रम आणि बंद असलेल्या गोष्टी पाहा. पार्कची वेळ हंगामानुसार बदलते आणि परेडची वेळही तिच्याबरोबर बदलू शकते.

• जुना व्हिडिओ पाहून मुलांना 'हे दिसणारच' असे वचन देऊ नका. व्हिडिओतला चित्ररथ आता असेलच असे नाही.

• पावसाळ्यात खोपोली परिसरात जोरदार पाऊस असतो. उघड्यावरचा कार्यक्रम त्या दिवशी रद्द होऊ शकतो, हे गृहीत धरा.

• आत गेल्यावर आधी परेडची वेळ आणि मार्ग विचारा, मग राइडचा क्रम ठरवा. परेड सुरू असताना लोकप्रिय राइडची रांग बहुधा छोटी असते. परेड नको असणाऱ्यांना ही संधी आहे.

• परतीच्या गाडीची वेळ परेडला चिकटवून ठेवू नका. शेवटच्या कार्यक्रमानंतर सगळेच एकदम बाहेर पडतात.

• अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठीही हेच. तिकडे परेड दीर्घकाळ बंद राहिल्याची उदाहरणे वर आलीच आहेत. तिकीट काढण्यापूर्वी त्या तारखेला कोणती परेड आहे, आणि आहे की नाही, हे मुलांना तपासायला सांगा.

मग चाहत्यांचे बरोबर की कंपनीचे?

दोघांचेही थोडे थोडे. कोणतीच परेड जशीच्या तशी कायम ठेवता येत नाही. यंत्र झिजते, मुले मोठी होतात, नवी मुले येतात. काहीच बदलू नका असा हट्ट धरला, तर एक दिवस ती पाहायला फक्त जुने लोक उरतील. आणि सगळेच एकदम बदलले तर काय होते, हे लाइट मॅजिकने दाखवून दिले.

टिकलेल्या परेडमध्ये एक गोष्ट समान दिसते. तिचा कणा ओळखला गेला आणि सांभाळला गेला. कुठे तो एका धूनेत आहे, कुठे काळ्या-पिवळ्या मारबतीत, कुठे लाकडी बैलात. कणा शाबूत असेल तर बाकी सगळे बडग्यासारखे दरवर्षी बदलले तरी लोक हसतहसत पाहायला येतात. अडचण एवढीच, की आपल्या परेडचा कणा नेमका कोणता, हे कंपनीच्या आराखड्यात लिहिलेले नसते. ते रस्त्याच्या कडेला तासभर आधी येऊन बसलेल्या माणसाला माहीत असते. बदल ठरवण्यापूर्वी त्याला विचारले, तर २ कोटी डॉलरची चूक टळू शकते.